चेनसॉच्या बारला भोक पाडून मिल बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात आमच्या परड्यातला फणस आडवा झाला. नऊ फुटांचा सरळ बुंधा, व्यास बावीस इंच. खानापूरच्या सॉ मिलला न्यायचा तर आधी चिखलातून रस्त्यापर्यंत ओढायला हवा, आणि ट्रॅक्टरवाला बांध बघूनच परत गेला. मग ओंडका मिलकडे न्यायचं सोडून मिलच ओंडक्याकडे आणली. तेव्हापासून खानापूर, बेळगाव, निपाणीकडून आणि पलीकडे चंदगडहूनही फोन येतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला : "बारला होल मारून घेऊ की काय वो?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं.

ही मिल म्हणजे नेमकं काय?

चेनसॉच्या बारला, म्हणजे चेन ज्या पट्टीवर फिरते तिला, आडवी धरणारी चौकट. अमेरिकेतल्या ग्रॅनबर्ग कंपनीची अलास्कन मिल यातली सगळ्यात माहितीतली, आणि तिच्या धर्तीवरच्या स्वस्त चौकटी ऑनलाइन ढिगानं मिळतात. चौकटीचे दोन पाय बारला दोन टोकांशी पकडतात, वरचे दोन रूळ ओंडक्याच्या सपाट केलेल्या पाठीवरून सरकतात. रूळ आणि बार यांत जेवढं अंतर ठेवाल तेवढ्या जाडीची फळी. बस्स, यात दुसरं यंत्र काही नाही.

भोक पाडायलाच हवं का?

नाही. दहातल्या आठ जणांना मी नको म्हणतो, आणि त्यातले निम्मे नाराज होतात.

ही चौकट मुळात शिकंज्यासारखी बारला आवळायचीच असते. अडचण एवढीच, की दोन्हीकडचे पाय बारची लांबी खातात. बारच्या लांबीतून चार ते सहा इंच वजा करा, उरेल तेवढ्या रुंदीची फळी निघेल. माझ्या २४ इंची बारवर साडेअठरा इंच मिळत होते आणि ओंडका बावीसचा. भोक पाडायची घाई मला तिथेच झाली.

त्याआधी दोन गोष्टी करून बघा. पहिली, मशीनच्या तोंडाशी असलेले लोखंडी काटे काढून टाका. ते आडवं झाड तोडताना टेकवायला असतात, मिलमध्ये त्यांचा उपयोग नाही. दोन स्क्रू सोडवले की इंचभर रुंदी मोकळी होते. दुसरी, ओंडक्याच्या बगला तासा. मोकळ्या चेनसॉनं किंवा कुऱ्हाडीनं दोन्हीकडून दीड-दीड इंच काढलं की बावीसचा ओंडका एकोणीसचा होतो. जातं ते बहुतेक साल आणि पांढरं लाकूड, ज्याला कीड आधी लागते. फणसाच्या पिवळ्या गाभ्याला धक्काही लागत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक बार वाचला असता.

मग पाडून मिळतं काय?

दोन-अडीच इंच जास्त रुंदी, कारण आवळणारा जाड क्लॅम्प जाऊन पातळ कंस (ब्रॅकेट) बोल्टनं थेट बसतो. मला स्वतःला दुसरा फायदा मोठा वाटतो : पकड सरकत नाही. तासभर फुल थ्रॉटलवर मशीन थरथरतं, आवळलेला क्लॅम्प केसभर हलतो आणि फळी एका टोकाला इंचाची, दुसऱ्या टोकाला सव्वा इंचाची होते. बोल्ट असला की दर वेळी तोच बसतो. ज्यांना वर्षाला एखादाच ओंडका फाडायचा आहे त्यांना हे नको. आठवड्याला फाडणाऱ्यांनी विचार करावा, आणि तोही वेगळा बार घेऊन. झाडं तोडायला वापरता तोच बार भोकं पाडून पुन्हा तोडायला वापरू नका. आणि भोक पडलं की वॉरंटी गेली, मग दुकानदाराशी वाद नको.

माझा बार भोक पाडण्याजोगा आहे का, कसं ओळखू?

बार पुसून उजेडात तिरका धरा. पृष्ठभागावर रांगेनं गोल ठिपके दिसले तर तो तीन पत्र्यांचा बार, स्पॉट वेल्डिंगनं जोडलेला. याला भोक सोपं पडतं, फक्त वेल्डिंगच्या ठिपक्यावर पाडू नका. ठिपके नाहीत, वजन चांगलं आहे, तर एकसंध पोलादी पट्टीचा. तो कडक, पण मिलसाठी सगळ्यात चांगला. वजनाला हलके म्हणून विकतात ते बार आतून पोकळ करून भरलेले असतात. तिथे बोल्ट आवळला की पत्रा आत बसतो आणि चेनची खाच चिमटते. त्यांना हात लावू नका.

टोकाकडेही बघा. बहुतेक बारच्या टोकात छोटं दातेरी चाक असतं, बाहेरून त्याचे रिव्हेट दिसतात. काही जुन्या बारचं टोक भरीव कडक धातूचं असतं, त्यांना चाक नसतं, म्हणून पकड टोकाच्या बरीच जवळ नेता येते.

भोक नेमकं कुठे?

उत्तर लांबेल, कारण सगळी गंमत इथेच आहे.

बारच्या बरोबर मध्यरेषेवर. वरच्या कडेपासून आणि खालच्या कडेपासून अंतर सारखंच. याचं कारण बळकटी एवढंच नाही. मिलमध्ये बारची एकच कड राबते, ती झिजते, म्हणून अधूनमधून बार उलटा करून बसवावा लागतो. भोक मध्यरेषेपासून दोन मिलिमीटर जरी सरकलं असेल तर उलटा केल्यावर चौकट तिरकी बसते. मध्यावर असेल तर कशीही बसवा.

कडेच्या खाचेची खोली आधी मोजा. पातळ तार खाचेत टेकेपर्यंत घाला, नखानं खूण धरा, पट्टीवर मोजा. खाचेच्या तळापासून भोकाच्या काठापर्यंत कमीत कमी दहा मिलिमीटर अखंड धातू राहिला पाहिजे. कडा भट्टीत कडक केलेल्या असतात, तिथे ड्रिलही चालणार नाही आणि चालून उपयोगही नाही.

टोकाकडे शेवटच्या रिव्हेटपासून मागे निदान इंचभर जागा सोडा. कंसाचा कुठलाही भाग चाकावर येता कामा नये.

मशीनकडच्या बाजूला घोटाळा जास्त होतो. तिथे आधीच भोकं असतात : बोल्टाची लांब खाच, चेन ताणायच्या खिळीचं भोक, तेलाचं बारीक भोक. त्यांच्यात नवं घुसडू नका. शिवाय चेन वापरात लांबते, ती ताणताना बार पुढे सरकतो आणि बारवर बसवलेला कंसही सोबत जातो. म्हणून मोजमाप बार पूर्ण मागे असताना घ्या. तेव्हा कंस मशीनच्या झाकणाला घासत नसेल तर पुढे कधीच घासणार नाही.

मी पत्र्याचा एक साचा कापून ठेवलाय. बारवर ठेवायचा, रेघ ओढायची, सेंटर पंच, म्हणजे भोकाच्या मध्याची खूण करणारी टोकदार छिन्नी, मारायचा.

तुमचा पहिला बार कसा वाया गेला?

आणखी पाऊण इंच मिळेल या हावरटपणानं. टोकाचं भोक रिव्हेटच्या अगदी लगत पाडलं. कंस बसला, बोल्ट आवळला, चेन हातानं ओढली तर थोडी जड वाटली. म्हटलं नवी आहे, सैल होईल. चार फूट काप झाला आणि जळकट वास आला. मला वाटलं फणसाचा चीक करपतोय. मशीन बंद करून बघितलं तर टोक निळं पडलेलं, चाक जाम. कंसानं दोन्हीकडचा पत्रा चाकावर दाबला होता. तो बार अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे, पाहुण्यांना दाखवायला.

म्हणून नियम : बोल्ट आवळल्यावर चेन हातमोजा घालून पूर्ण एक फेरा ओढा. कुठेही अडकली तर मशीन सुरू करायचंच नाही.

ड्रिल बिट नुसता घासतो, आत शिरत नाही. काय चुकतंय?

बहुधा तीन गोष्टी एकदम : साधा बिट, जास्त वेग, कमी दाब. बाजारातला साधा बिट या पोलादावर टिकत नाही. कोबाल्टचा बिट घ्या. आधी ४ मिलिमीटरचा, मग ८ किंवा साडेआठचा. आठच्या बिटाला मिनिटाला तीनशे-चारशे फेरे पुरेत. दाब ठाम हवा, सतत कटिंग ऑइल हवं. बिट दाबाविना फिरत राहिला की तापतो आणि खालचं पोलाद आणखी कडक करून ठेवतो. मग तोच खड्डा पुन्हा खणणं म्हणजे डोकेदुखी.

कोबाल्टही हरला तर कार्बाइड बिट, पण तो काचेसारखा ठिसूळ असतो. हातातल्या ड्रिलनं वापरलात तर तुटणारच. स्टँडचं ड्रिल, खाली लाकडाचा ठोकळा, बार दोन क्लॅम्पनी पक्का. भोक पडल्यावर दोन्हीकडची धार मोठ्या बिटानं हलकी मोडा आणि खाचेतला चुरा कॉम्प्रेसरनं उडवा. तीन पत्र्यांच्या बारमध्ये चुरा पत्र्यांमध्ये शिरतो, तो राहिला तर चेन आणि खाच दोन्ही खातो.

गॅसनं तापवून मऊ केलं तर?

नको. बार वाकतो, आणि त्याचा कडकपणा गेला की परत आणता येत नाही.

हे काम कुणाकडून करून घ्यावं?

बेळगावकरांचं नशीब चांगलं. उद्यमबागेत आणि मच्छेला मशीन शॉप आणि फाउंड्र्या आहेतच, स्टँडचं ड्रिल आणि चांगला बिट असलेला मिस्त्री शोधावा लागत नाही. मात्र नुसतं "होल मारून द्या" म्हणून बार टेकवून येऊ नका. मी गेलो तेव्हा मिस्त्रींनी बार उलटापालटा केला, नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, "हे साधं लोखंड न्हवं, घाई करायची नाही." मग चहा आला, बिटाला धार लागली, आणि दोन भोकांना पाऊण तास गेला. घाई करणारा मिस्त्री दिसला तर बार उचला आणि पुढच्या शेडमध्ये जा. सेंटर पंचाची खूण घरूनच करून न्या.

बोल्ट कोणता?

एम८, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ताकदीचा आकडा ८.८ किंवा १०.९ लिहिलेला, नायलॉनच्या कड्याचा नट आणि दोन्हीकडे वॉशर. हार्डवेअरच्या दुकानातला बिनखुणेचा बोल्ट नको, थरथरीत तुटतो. बोल्टाचं डोकं चेनच्या वाटेत येत नाही ना, हे चेन बसवून बघा.

टोकाला तेलासाठी वेगळं भोक पाडतात म्हणे?

लांब बारवर पाडतात, आणि ते शहाणपणाचं आहे. मशीनमधलं तेल चेनबरोबर वरच्या कडेनं टोकापर्यंत जातं, वळतं, आणि मग लाकडात शिरतं. म्हणजे खरं काम सुरू होईपर्यंत बरंच तेल उडून गेलेलं असतं. २४ इंचापर्यंत माझं भागतं. त्याहून लांब असेल तर टोकाशी वेगळी बाटली, बारीक नळी आणि तोटी लावा. थेंब टोकाजवळ खाचेत पडला पाहिजे. बारला भोक न पाडता कंसाला नळी बांधूनही हे जमतं, मी तेच करतो.

जुनं इंजिन ऑइल चालेल का, असं पुढचा प्रश्न विचारूच नका. त्यात धातूचा कीस असतो, ते अंगावर उडतं, त्वचेला घातक असतं, आणि फळीवर काळा डाग कायमचा बसतो.

चेन तीच चालते का?

चालते, पण रडत चालते. साध्या चेनच्या दातांचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो, तो लाकडाच्या रेषा आडव्या तोडायला. फळी काढताना आपण लाकूड रेषेनं उभं फाडतो, त्याला १० अंश लागतात. तयार रिपिंग चेन मिळते. नाही मिळाली तर जुनीच चेन प्रत्येक धारेला थोडी थोडी घासत १० वर आणा, एकदम नको. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३/८ ला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५. दातापुढचा ठेंगणा खुंट दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. सगळे दात सारखे घासा. डावीकडचे लांब आणि उजवीकडचे आखूड झाले की काप बशीसारखा वाकतो, आणि लोक दोष देतात भोकाला.

भुसा बघा. लांब, बारीक शेवयांसारखा पडत असेल तर धार आहे. पिठासारखा पडला की थांबा.

माझं मशीन ५८ सीसीचं आहे. जमेल?

बाजारात सगळीकडे मिळतं ते. बारा-चौदा इंच रुंदीचा आंबा, सिल्व्हर ओक जमेल, हळू हळू. किंदळ, ऐन, बाभूळ असेल तर मशीनवर दया करा. रुंद कापाला ७० सीसीच्या वर हवं, आणि २४ इंचांपुढच्या बारला ९० सीसीच्या आसपास. स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस ६६१ हे ९१ सीसीचं आहे, हुस्कवर्ना ३९५ साधारण ९४ चं. किंमत ऐकून बसायला खुर्ची घ्या.

लहान मशीनला लांब बार लावून आणि भोकं पाडून रुंदी वाढवणं म्हणजे बैलगाडीला ट्रेलर जोडणं. फुल थ्रॉटलवर दहा-दहा मिनिटं सलग काम हे झाड तोडण्यापेक्षा कितीतरी जड. कार्बुरेटर थोडा जास्त पेट्रोल देणारा लावा, प्रत्येक कापानंतर एअर फिल्टर झटका, आणि बंद करण्याआधी मिनिटभर मंद चालू द्या.

पहिला काप सरळ कसा आणायचा?

ओंडक्याची पाठ गोल, त्यावर रूळ सरकणार नाहीत. म्हणून वर ॲल्युमिनियमची सरळ शिडी बसवायची. दोन्ही टोकांना लाकडाचे आडवे तुकडे स्क्रूनं ठोकायचे, त्यांवर शिडी. स्क्रू कापाच्या रेषेपर्यंत पोचता कामा नयेत, हे दोनदा मोजा. मग दोन्ही टोकांवर एकेक सरळ काठी आडवी ठेवून मागून एक डोळा मिटून बघा. काठ्या एकमेकींना समांतर दिसल्या नाहीत तर शिडी पिळलेली आहे, आणि तो पीळ शेवटच्या फळीपर्यंत जाईल. पुढच्या कापांना शिडी लागत नाही, आधीचा सपाट काप हाच मार्ग.

ओंडक्याचं एक टोक थोडं उंच ठेवा, उतारानं मशीन आपसूक सरकतं. दीड-दोन फूट गेलात की मागे कापात लाकडी पाचर ठोका, नाहीतर वरची फळी बसून बार चिमटते. मशीनचा धूर तोंडावर येतो, म्हणून वारा पाठीमागून घ्या. गॉगल, कानाला मफ, बूट. हे सांगायला लागू नये, पण लुंगी नेसून फाडणारे मी पाहिलेत.

किती फळ्या निघतील?

सॉ मिलपेक्षा कमी. चेन एका कापाला जवळजवळ दहा मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, बँड सॉ दोनच्या आसपास. पाच कापांत दोन इंच जातात. म्हणून इंची फळ्यांपेक्षा दोन-अडीच इंची जाड फळ्या काढा. टेबल, देव्हारा, दाराची चौकट यांना तेच लागतं.

झाडात खिळे निघाले तर?

निघणारच. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार असते, रस्त्याकडेच्या झाडात निवडणुकीच्या फलकांचे खिळे. लाकडावर निळा-काळा डाग दिसला की आत लोखंड आहे समजा. हातात धरायचा मेटल डिटेक्टर चेनपेक्षा स्वस्त पडतो.

परवानगी लागते का?

झाड तोडायला बहुतेक वेळा लागते, स्वतःच्या शेतात असलं तरी. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. नारळ, सुरू, निलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा काही झाडांना त्यात सूट आहे. चंदन, शिसम, साग यांना विचारल्याशिवाय हात लावू नका, पडलेलं असलं तरी. खानापूर तालुक्यात तर भीमगड अभयारण्य आहे आणि चहूकडे राखीव जंगल, त्यामुळे ओंडका आपल्याच जागेतला हे दाखवता आलं पाहिजे. सुप्रीम कोर्टाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानं जंगलात केंद्राच्या मंजुरीशिवाय सॉ मिल चालवणं थांबलं. तेव्हापासून करवतीचा आवाज आला की वनखात्याचे कान उभे राहतात. घरच्या वापराला फाडायचं असलं तरी आधी आरएफओंच्या, म्हणजे वनक्षेत्रपालांच्या, ऑफिसात जाऊन या. दुसऱ्यांचं लाकूड पैसे घेऊन फाडणार असाल तर नक्कीच. फळ्या चंदगडला किंवा गडहिंग्लजला न्यायच्या असतील तर वाहतुकीच्या पासचंही तिथेच विचारा.

अर्ज कन्नडमध्ये असतो. न वाचता सही करू नका, शेजारच्या अण्णांना घेऊन जा.

चुकीचं भोक वेल्डिंगनं बुजवलं तर?

बार वाकेल. भोक मध्यावर आणि कडांपासून दूर असेल तर तसंच राहू द्या, काही बिघडत नाही. दुसरं त्याच्यापासून दोन इंच सोडून पाडा. कडेजवळ असेल तर माझ्या शेडमध्ये अजून एक खिळा रिकामा आहे.

फळ्या कधी वापरायच्या?

इंचाला वर्ष असा ढोबळ हिशेब. दोन्ही टोकांना ताबडतोब जुना ऑइल पेंट फासा, नाहीतर चिरा जातात. एकसारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून सावलीत, जमिनीपासून फूटभर वर रचा. आपल्याकडच्या पावसात चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की बुरशी धरते. फक्त वर झाका, वारा खेळू द्या. माझ्या फणसाच्या फळ्या पहिल्या पावसाळ्यात अशाच गुंडाळल्या होत्या. दोन फळ्यांवरचे डाग अजून आहेत, आईनं त्यावर देव्हारा ठेवू दिला नाही.

तुमचा भोक पाडलेला बार दोन दिवसांसाठी द्याल का?

बार नाही. पत्र्याचा साचा घेऊन जा, परत आणून द्या.